डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) संशोधन-पेपर शोधायचे कुठे? लायब्ररीत नक्की काय मागायचं?

सांखळीची_नर्सबाय
बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आमच्या ग्रुपचा विषय: घरी डिमेन्शियाचा रुग्ण सांभाळणाऱ्यांवरचा ताण. मॅडम म्हणतात गेल्या दहा वर्षांतलेच पेपर आणा, ब्लॉग नकोत. गूगलवर अख्खं वाक्य टाकलं की हॉस्पिटलांच्या जाहिराती येतात, नाहीतर पैसे मागणारं पान. लायब्ररीत "डिमेन्शियाचं काही आहे का" विचारलं की पाठ्यपुस्तक हातात ठेवतात. गोव्यातलं काही मिळेल का? घरी नेट रडतं, आणि शेवटची बस चुकवून चालत नाही.

म्हापशेकर७
पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. बसून वाचायला झकास.

वॉर्डातून_वर्गात
पाटोला जरूर जा गो, पण पेपरांसाठी पबमेड उघड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची फुकट वेबसाइट. मी बरीच वर्षं वॉर्डात काढून मग समाजकार्य शिकायला बसले, त्यामुळे तुझं दुखणं कळतं.

वाक्य टाकू नकोस. विषयाचे तीन तुकडे कर: आजार, माणूस, जागा. म्हणजे इंग्रजीत 'डिमेन्शिया', 'केअरगिव्हर' (सांभाळणारा) आणि 'इंडिया', मध्ये 'ॲन्ड'. माणसाच्या तुकड्यात 'केअरगिव्हर ऑर केअरर' असं कंसात टाक, कारण ब्रिटिश वळणाचं लिहिणारे 'केअरर' म्हणतात आणि ते पेपर एरवी निसटतात. जागेच्या तुकड्यात 'गोवा'ही घाल, पण नुसतं 'गोवा' शोधू नकोस. ती तीन इंग्रजी अक्षरं (GOA) जनुकशास्त्रातल्या एका डेटाबेसचंही लघुरूप आहेत, भलतंच घबाड हाती लागतं!

दहा वर्षांची चाळणी लगेच लावू नकोस. तुझ्या कामाचा पेपर २००८ चा आहे, 'प्लॉस वन' या नियतकालिकातला, फुकट वाचता येतो: गोव्यातली ८१ कुटुंबं, आणि स्थानिक लोकांनाच थोडं शिकवून त्यांनी घरी जाऊन दिलेला आधार. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं. पण "ताण कमी झाला" असं एका ओळीत ठोकून देऊ नकोस. झॅरिटच्या बर्डन स्केलवरचा (सांभाळणाऱ्याचा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीतला) फरक संख्याशास्त्राने मानण्याइतका नव्हता. तुमचा विषयच ताण, तेव्हा व्हायवाला (तोंडी परीक्षेला) नेमकं हेच विचारतील. मी परीक्षक असते तर विचारलं असतं.

आता त्या पेपरखाली 'साइटेड बाय' दाब. त्याचा आधार घेणारे नंतरचे पेपर तिथे रांगेने येतात. मॅडमची दहा वर्षं तिथून भागतील, आणि २००८ चा का घेतला तेही सांगता येईल.

लायब्ररीत विषय सांगू नकोस. पेपरचं नाव आणि डीओआय क्रमांक (प्रत्येक पेपरचा स्वतःचा ओळख क्रमांक) चिठ्ठीवर लिहून दे. 'डिमेन्शियाचं काही' म्हटल्यावर तो माणूस तरी कपाटाकडेच वळणार ना? क्रमांक दिला की कुठल्या वर्गणीतून तो मिळेल ते बघू शकतो. पैसे मागणारं पान दिसलं तरी आधी तिथे विचार. सरकारी संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली आहेत. शिवाय घरून लॉगिनची सोय केली आहे का, तेही विचारून घे.

नेटचं म्हणशील तर कॉलेजात असतानाच पीडीएफ उतरव आणि झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाक. फुकट आहे, संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने (क्रमांक देऊन) आपोआप लागतात. फक्त लेखकांची नावं एकदा तपास, कधी कधी आडनाव पुढे, नाव मागे होतं.

सांखळीची_नर्सबाय
देव बरें करूं! पण आमचं कॉलेज खाजगी आहे. मग ते १३,००० गेले ना?

वॉर्डातून_वर्गात
गेले. ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरती. पण पबमेडवर डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट'ची खूण कर, बरंच हाती लागेल. उरलेल्यांसाठी पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, दोन ओळींत मागायचा. बरेच जण पाठवतात.

फोंड्याचो_एमएसडब्ल्यू
लायब्ररी डेलनेटची (लायब्ररींच्या जाळ्याची) सभासद आहे का तेही विचार. असेल तर दुसऱ्या लायब्ररीतून लेखाची प्रत मागवून देतात. मात्र सबमिशनच्या आठवड्यात मागू नको, वेळ लागतो.