रानपिंगळा की ठिपकेवाला? मदत हवी आहे

मेळघाटात भरदुपारी सागाच्या उघड्या फांदीवर बसलेल्या पिंगळ्याचा (छोट्या घुबडाचा) फोटो मिळालाय. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीतच, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे. मला तर रानपिंगळाच वाटतोय. मित्र म्हणतो, गावातला साधा ठिपकेवाला. तो काय, इराणपासून व्हिएतनामपर्यंत सापडतो, त्याला धोका नाही. रानपिंगळा मात्र फक्त आपल्या मध्य-पश्चिम भारतातला. १८८४नंतर थेट १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त.

जुन्या पुस्तकांत रानपिंगळ्याचं जीनस (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) हेटेरोग्लॉक्स, नव्या याद्यांत दोघेही अथेनी! नोंद करताना कोणतं लिहू? आणि फोटोत पाय पानांआड गेलेत (ओळखीला उपयोगी नेमके तेच!), तर बाकीच्या खुणांवर ओळख पक्की धरता येईल का? जाणकारांनी सांगा प्लीज.