मदत हवी आहे: केमिकलचे धोके कामगारांना अहिराणीत कसे समजावू?

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. भंगार प्लास्टिक धुवायला आम्ही कॉस्टिक सोडा वापरतो. गोणीवर लाल चौकटीत हातावर थेंब पडतानाचं चित्र आहे, म्हणजे कातडी जाळणारा पदार्थ. परवा नवीन पोऱ्या म्हणतो, "हात धुवानी पावडर शे ना भाऊ?" हसू आलं, मग घाम फुटला.

सप्लायरकडून सेफ्टी डेटा शीट मागवली. सोळा विभाग, सगळं इंग्रजीत! मला त्यातले दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार) आणि आठवा (हातमोजे, गॉगल) एवढेच भिंतीवर लावायचेत. पाण्यात सोडा हळूहळू टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, हे तर मोठ्या अक्षरात. नाहीतर उकळून अंगावर उडतो.

पण निम्म्यांना वाचता येत नाही. कुणी चित्रांचा तक्ता किंवा अहिराणीत ऑडिओ केलाय का? आणि सोडा बिनलेबलच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची खोड कशी मोडली? ओरडून झालं, उपयोग शून्य. मालक खर्चाला तयार आहेत, तेवढं नशीब.