कॅलिफोर्नियातल्या माझ्या टेबलावरून

कुणीतरी लिहिलंय की परदेशात काम झालं की विद्यार्थी वळूनही बघत नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षं इथे शिकून मुलं पुढे युनिव्हर्सिटीत जातात) काउन्सेलर आहे. बरीच मुलं घरातून कॉलेजात येणारी पहिलीच. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी वर्ग. इथले विषय पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात धरले जातील ना, हे बघणं आणि आर्थिक मदतीचे अर्ज भरून घेणं हे माझं काम. मुलाकडे अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसली की केंद्र सरकारचा मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, चालत नाही, राज्याचा ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरावा लागतो. २००१ च्या एबी ५४० कायद्यामुळे, इथेच तीन वर्षं हायस्कूल करून पास झालेल्या अशा मुलांना परराज्याची जबर फी पडत नाही. हे कित्येकांच्या गावीही नसतं.

गेल्या डिसेंबरात अशाच एका मुलीची आई फॉइलमध्ये गुंडाळलेले गरम तामालेस (मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) घेऊन आली. तिला इंग्रजी येत नाही, माझं स्पॅनिश दिव्य. मुलगी दुभाषी, पण लाजून अर्धंच सांगत होती. आईने माझे हात धरले ते सोडेचना. (शाकाहारी आहे हे सांगायचा धीर होईना, नशिबाने आत चीज-मिरची निघाली.)

खरं तर ऋणी मीच. विद्यार्थी म्हणून आले तेव्हा ऑफिसातल्या एका फिलिपिनो बाईंनी माझेही फॉर्म असेच शेजारी बसून भरून घेतले होते.

तेव्हा थोडं थांबा. आमच्याकडची मुलं आभार मानायला बहुधा पुढच्या वर्षी येतात, धाकट्या भावाचा अर्ज घेऊन.