दोन रायफली समोर आहेत : कंपनीचं बॅरल घ्यावं की नंतर बसवलेलं?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागला माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल करतो, त्यामुळं पाच-सात मायक्रॉन हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय. बंदुकीतलं जेमतेम कळतं, तेही पोरीमुळं.

पोरगी २३ वर्षांची आहे. चार वर्षं ५० मीटर प्रोन (पालथं पडून मारायचा प्रकार) मारते, .२२ च्या रायफलीवर. आजवर क्लबची रायफल वापरली. आता स्वतःची घ्यायची म्हणून पुण्यातल्या दोन नेमबाजांच्या वापरलेल्या रायफली बघून ठेवल्यात. दोन्ही एकाच जर्मन कंपनीच्या, बोल्ट-अ‍ॅक्शनही एकच. पहिलीचं बॅरल, म्हणजे नळी, कारखान्यातून आलं तेच आहे. दुसरीचं बॅरल मालकानं तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या गनस्मिथकडून बदलून घेतलंय. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) नव्यानं कापलाय, स्टॉकला बेडिंग केलंय, म्हणजे अ‍ॅक्शन दस्त्यात घट्ट बसवलीय. किंमत दीड लाखानं जास्त. मालकानं टार्गेटचा फोटो पाठवलाय : पाच गोळ्या आणि आठ आण्याच्या नाण्याखाली झाकेल एवढं एकच भोक.

माझं मन दुसरीकडं ओढ घेतंय. चेंबर आणि बोअर (नळीचं आतलं भोक) एका सेंटरला असतील तर गोळीची सुरुवातच सरळ होणार, हे लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. खरं दीड लाख आमच्यासाठी लहान रक्कम नव्हे. तेवढ्यानं पोरीचे गुण वाढतील का? आणखी एक मनात येतं. पहिली स्वस्तातली घेऊन तिचं चेंबर आणि क्राऊन (नळीच्या तोंडाची कड) मीच केलं तर? फोर-जॉ चक आहे, मायक्रॉनचा डायल आहे, हातही बसलेला आहे.

पंचगंगाकाठ

दादा, दुसरी घ्या. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांवर. फायनलला दशांशात हिशेब असतो. पोरगी तिथवर जावी असं वाटत असेल तर बॅरलमध्ये काटकसर करू नका.

खानापूरचा आर्मरर

आधी लेथचं बोलतो. त्या कामाला हात लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं शस्त्र बनवायला, बदलायला, दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो, आणि बॅरल हा शस्त्राचाच भाग धरला जातो. तुमचा हात कितीही चांगला असू दे, तो परवाना तुमच्याकडं नाही. पोरीच्या लायसनवर बालंट येईल आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात जाईल.

आता रायफलीचं. मी पलटणीत २२ वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. हजारो बोल्ट या हातांनी उघडले. नव्या बॅरलला मी वाईट म्हणणार नाही, चांगल्या कारागिराचं काम बघून माझं आजही मन भरतं. तुम्ही सेंटरचं म्हणता ते बरोबर आहे. बोल्टचे लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) दोन्ही बाजूंनी सारखे टेकायला हवेत, बोल्टचं तोंड बोअरला काटकोनात हवं. शिकारीच्या साध्या रायफलीत कारखाना या सगळ्यात सूट घेतो, तिथं बांधून घेतलेली रायफल उघड फरक दाखवते. शिवाय सेंटरफायरमध्ये (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसतो त्यात) माणूस आपल्या चेंबरच्या मापानं गोळी भरून घेऊ शकतो. .२२ रिमफायरची (ठोका बुडाच्या कडेवर बसतो ती) गोळी तशी भरता येत नाही. डब्यातून येईल तीच मारायची. म्हणजे चेंबर कितीही नेमका कापला तरी शेवटचा शब्द डब्याचा. आणि तुम्ही बघताय ती ५० मीटरच्या मॅचसाठीच केलेली रायफल आहे, तिथं कारखान्यानंच बरीच कामं नीट करून दिलेली असतात.

डब्यावर लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या गोळ्यांचा) छापलेला असतो तो बघा. कंपनी एक, नाव एक, किंमत एक, खरं लॉट बदलला की तीच रायफल वेगळी वागते. एका बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या बॅरलला आवडत नाही. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन कंपनीच्या टेस्टिंगला जातात आणि जमलेला लॉट पेट्यांनी उचलतात.

त्या फोटोवर विसंबू नका. पाच गोळ्यांचा एक ग्रुप (कागदावरचा भोकांचा पुंजका) म्हणजे नशीबही असतं. वीस ग्रुप मारले आणि सगळ्यात देखणा पाठवला, तर त्यात खोटं काही नाही, तुम्हाला मात्र काहीच कळलं नाही. दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारा, चारही मोजा, सरासरी काढा. दोन्ही रायफली एकाच दिवशी, त्याच लॉटांनी, रायफल टेकवून मारा. लॉट बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या नुसत्या जाऊ द्या. जुन्या गोळ्यांचं मेण निघून नव्याचं बोअरमध्ये बसायला तेवढ्या लागतात.

मारायच्या आधी क्राऊन तपासा. एकदा एका जवानाची रायफल आली. ग्रुप अचानक उघडला होता. त्यानं साइट बदलली, स्क्रू आवळले, काही उपयोग नाही. मी कान साफ करायची कापसाची काडी बॅरलच्या तोंडात घालून कडेनं सावकाश बाहेर ओढली. घड्याळात दोन वाजतात त्या जागी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. भिंग लावलं तर कडेला खसखशीच्या दाण्याएवढा टवका. साफसफाईचा रॉड वर्षानुवर्षं तोंडाकडून घातलेला. गोळी बाहेर पडते त्या क्षणी त्या टवक्यातून गॅस आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला एका बाजूनं ढकलतो. नवं क्राऊन केल्यावर रायफल जागेवर आली. बॅरल तेच, नव्या बॅरलचा खर्च वाचला.

गुणांचं तुम्हीच गणित करा. ५० मीटरच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ १०.४ मिमी, गोळी ५.६ मिमीची, आणि रेघेला शिवली तरी दहा. म्हणजे गोळ्यांची केंद्रं १६ मिमीच्या वर्तुळात राहिली की सगळे दहा. पोरीचा हात आणि रायफल यांची चूक सरळ बेरजेनं वाढत नाही, ढोबळमानानं वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ निघतं. आधी पोरीचा ग्रुप मोजा.

निपाणीचा

मामा, आमच्याकडं आजोबांची .३१५ ची रायफल आहे. तिला नवं बॅरल घातलं तर नेम सुधारेल का?

खानापूरचा आर्मरर

त्या रायफलीचा सांगाडा ली-एनफिल्डचा, म्हणजे जुन्या इंग्रजी फौजेच्या रायफलीचा. लग बोल्टच्या मागच्या अंगाला असतात, त्यामुळं दाबाखाली अ‍ॅक्शन थोडी ताणते. बॅरलनं ते जाणार नाही. लायसनच्या दुकानात नेऊन स्टॉकचे स्क्रू आणि क्राऊन बघून घ्या. आजोबांची आठवण आहे, तशीच जपा.

उद्यमबागकर

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. दोन्ही मालक रायफली घेऊन बालेवाडीच्या रेंजवर आले, आम्ही बापलेक आदल्या रात्री बेळगावहून निघालो. कापसाची काडी मी स्वतः फिरवली. दोन्ही तोंडं स्वच्छ होती. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचनं सारखे केले.

चार लॉट होते. प्रत्येकी दहाचे चार ग्रुप. दोन दिवस लागले. मी व्हर्निअर घेऊन कागदांवर वाकलेलो असायचो आणि ती मॅटवर. कारखान्याच्या बॅरलची सरासरी आली १५, १७, १३ आणि २२ मिमी. बदललेल्या बॅरलची १४, १२, २१ आणि १६. आकडे लिहून झाल्यावर मी बराच वेळ ती वही बघत बसलो. एकाला १३ देणाऱ्या लॉटनं दुसऱ्याला २१ दिले होते. फोटोतल्या ग्रुपबद्दल मालकाला विचारलं. सज्जन माणूस, सरळ म्हणाले की त्या लॉटची शेवटची पेटी मागच्या वर्षीच संपली.

पोरीच्या स्वतःच्या हाताचा ग्रुप १८ मिमीच्या आसपास आहे. १३ ची रायफल धरली तर एकूण २२.२ येतात, १२ ची धरली तर २१.६. दीड लाखात अर्धा मिलिमीटर. आणि तीच स्वस्तातली रायफल चुकीच्या लॉटवर मारली तर २८.४.

पहिली घेतली. आणखी एक कारण वहीत नव्हतं. पहिल्या रायफलीचा गाल टेकायचा तुकडा तिनं दोनदा खालीवर केला आणि मग मान अशी बसली की दहा गोळ्या होईपर्यंत डोकं उचललंच नाही. दुसरीवर प्रत्येक गोळीनंतर खांदा सारखा करत होती. पंचगंगाकाठ भाऊ, काटकसर केलेली नाही. वाचलेल्या पैशातून, तिच्या लायसनवर बसतील तेवढ्या १३ वाल्या लॉटच्या पेट्या डीलरकडं सांगून ठेवल्यात, उरलेले वर्षभराच्या बालेवाडीच्या फेऱ्यांना ठेवलेत.

रायफल अजून पुण्यातच आहे. इथल्या पोलिस कमिशनर ऑफिसात लायसनवर नोंद झाली की आणायची. लेथवर चेंबर कापायचा विचार सोडला, काका. तिला बेंचवर रायफल टेकवायला एक स्टँड हवाय, तो मात्र मीच करतोय. खालची प्लेट काल ग्राइंड करून झाली.