पूर्वजांचा शोध आणि थोरांशी सांगितलं जाणारं नातं: अनुभव धागा

घराण्याचा मागोवा घेणाऱ्यांनी इथे पद्धत लिहावी: कुठला कागद, तो कसा वाचायचा, कुठे फसायला होतं. किस्से दिवाळीच्या फराळाला ठेवा.

फेरफारवाला
सुरुवात आपल्यापासून करून वर जायचं. शिवकाळातल्या सरदारापासून खाली उतरायला गेलं की मधल्या पिढ्या हमखास जुळवून घेतल्या जातात. पहिला कागद फेरफार, म्हणजे गाव नमुना 6. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून मागे मागे जायचं. वारसनोंदीत 'अमुक मयत, वारस मुलगे अमुक व अमुक' असं सापडलं की बाप-लेकाची एक कडी पक्की.

'गणपत अ.पा.क. बायजाबाई' हे वाचून अनेकजण चक्रावतात. अज्ञान पालनकर्ता: वारस गणपत, तो अल्पवयीन, आणि त्याच्या वतीने बायजाबाई. ती बहुतेकदा आई असते, पण चुलतीही असू शकते. त्यामुळे वंशावळीत लगेच आई म्हणून लिहू नका. जुन्या वारसनोंदींत मुली बहुधा नसतातच.

जन्म-मृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जन्माची नोंद बारशाआधी झालेली असली तर बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं असतं. मृताचं वय अंदाजे धरा.

रुमाल सोडणारा
पुण्याच्या पेशवे दफ्तरात (पेशवाईतल्या सरकारी कागदांचा संग्रह) आडनावाने शोधायला जाऊ नये. आधी प्रांत, मग गाव, मग वतन (वंशपरंपरागत हक्क किंवा जमीन). मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, त्यामुळे मनात आधीच नाव धरून वाचलं की तेच दिसतं! 'बिन' किंवा 'वलद' दिसलं तर पुढचं नाव बापाचं.

साल बरेचदा सुहूर सनात (तेव्हाची सरकारी कालगणना), अरबी संख्याशब्दांत आणि उलट्या क्रमाने, म्हणजे एकं आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ' = 1 + 60 + 100 + 1000 = 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवा आणि जानेवारीपासून 600. म्हणजे 1760-61, पानिपतचं वर्ष.

त्र्यंबकची वही
तीर्थोपाध्यायांकडे (तीर्थक्षेत्री येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवणारे पुरोहित) जाताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगा, नुसत्या आडनावावर वही निघत नाही. पूर्वजाच्या हातची सही असलेलं पान वेगळं आणि जीर्ण वहीवरून उतरवलेली नक्कल वेगळी, हे विचारून घ्या. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने 'गोविंद रामचंद्र, रामचंद्र गोविंद' अशी साखळी बनते आणि नकलणाऱ्याच्या हातून दोन पिढ्या सहज गळतात.

मूळ गोव्याचे
कुलदेवतेच्या देवळातली महाजनांची (देवळावर परंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची) यादी पाहा. गाव सोडून गेलेल्या शाखांचा माग तिथे लागू शकतो.

शंकासुर
फडणीस, चिटणीस, देशमुख, कुलकर्णी ही हुद्द्यांची आणि वतनांची नावं. नाना फडणवीसांचं आडनाव भानू, पेशव्यांचं भट. त्यामुळे 'आम्ही फडणीस, म्हणजे नानांचे' हा पुरावा नव्हे.

दुसरी चाचणी हिशेबाची. पानिपत 1761 साली झालं. पिढीला 25-30 वर्षं धरली तर आजपर्यंत नऊ-दहा पिढ्या होतात. वंशावळीत सहाच नावं असतील तर कुठेतरी नावं गळली आहेत किंवा वरचं नाव नंतर चिकटवलंय.

वंशावळ इनाम कमिशनपुढे, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी चौकशीपुढे, दिलेली असेल (1852चा अकरावा कायदा), तर ती कशासाठी लिहिली होती ते ध्यानात घ्या. इनाम टिकवायचं होतं. अशा कैफियतीतल्या (लेखी निवेदनातल्या) शेवटच्या तीन-चार पिढ्या बऱ्यापैकी भरवशाच्या, कारण भाऊबंद आणि गाव त्या ओळखत होतं. मूळ पुरुषाचा पराक्रम मात्र दुसऱ्या, त्या काळच्या कागदात सापडला तरच धरायचा. वतनाच्या भांडणात बनावट सनदाही पुढे केल्या जात.

लाळेच्या (डीएनए) चाचणीचा अहवाल दाखवणाऱ्यांना एकच प्रश्न: त्या थोर पुरुषाच्या निर्विवाद वंशजाचा नमुना कुठाय? तो नसेल तर जुळवणार कशाशी? शिवाय दहा पिढ्यांवर पूर्वजांच्या जागा 1024 होतात, तो थोर पुरुष त्यांतला फार तर एक.