झाडीपट्टीच्या नाटकांचे चित्रीकरण : मोठ्या व्हिडिओ फायलींच्या बॅकअपची व्यवस्था कशी लावावी?

प्रश्न (देसाईगंज, जि. गडचिरोली)

नमस्कार. झाडीपट्टी रंगभूमीवरील, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातील, नाटकांचे चित्रीकरण आणि एडिटिंग हे आमचे काम आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आसपासच्या गावांत रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. आम्ही दोन कॅमेरे लावून ४के मध्ये, १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने चित्रीकरण करतो. या हिशेबाने एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात आणि सहा तासांच्या प्रयोगाचे, दोन्ही कॅमेरे मिळून, ५४० जीबी भरतात. ज्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तिथल्या जुन्या कलावंतांचे प्रयोग आता टिपून ठेवले नाहीत तर ते पुन्हा मिळणार नाहीत, ही आमची खरी काळजी आहे.

सध्या सगळे चित्रण एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे. चार डिस्कची रेड पेटी (अनेक डिस्क एकत्र जोडून एकाच डिस्कसारख्या वापरणारी पेटी) घ्यावी, की सगळे क्लाउडवर चढवावे, असा विचार चालू आहे. इथे अपलोडचा वेग प्रत्यक्षात १० मेगाबिटच्या आसपास मिळतो आणि वीज अधूनमधून जाते. बेताच्या खर्चात भरवशाची व्यवस्था कशी करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (उमरेड)

भाऊ, रेड पेटी अवश्य घ्या, पण तिला बॅकअप समजू नका. रेडमधील एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढाच तिचा उपयोग आहे. चुकून फोल्डर पुसले गेले, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरले, पेटी चोरीला गेली किंवा पेटीच्या आतील कंट्रोलरच बिघडला, तर चारही डिस्कवरचे चित्रण एकाच वेळी जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम आपल्या कामाला नेमका लागू पडतो : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

क्लाउडचा हिशेब आधी कागदावर मांडून पाहा. ५४० जीबी १० मेगाबिटच्या वेगाने चढवायला १२० तास, म्हणजे सलग पाच दिवस-रात्र लागतात, आणि तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. हंगामात तोवर पुढचे प्रयोग येऊन पडलेले असतात. म्हणून दूरची प्रत नेटवरून नव्हे, डिस्कवरूनच पाठवावी. नागपूरला किंवा ब्रह्मपुरीला विश्वासाचे नातेवाईक असतील तर भरलेली डिस्क त्यांच्याकडे ठेवावी आणि पुढच्या फेरीला नवी भरलेली डिस्क पोहोचवावी.

क्लाउड मात्र प्रोजेक्ट फायलींसाठी, म्हणजे एडिटिंगची सगळी नोंद असलेल्या फायलींसाठी, उत्तम आहे. चित्रणाच्या तुलनेत त्या अगदी लहान असतात आणि आठवड्यांची मेहनत त्यांच्यातच असते. आपण एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी : प्रोजेक्ट चित्रणाच्या फोल्डरमध्ये नसून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो, त्यामुळे केवळ चित्रणाची डिस्क कॉपी केल्याने तो वाचत नाही. काम संपल्यावर प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून ती फाइल रोज क्लाउडवर टाकावी.

उत्तर (तुमसर, जि. भंडारा)

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु माझ्या मते सर्वांत नाजूक वेळ त्याच्या आधीची, म्हणजे पहाटे कार्ड कॅमेऱ्यातून निघाल्यापासून दुसरी प्रत तयार होईपर्यंतची असते. कार्ड काढताक्षणी त्याच्या कडेची लॉकची खिट्टी खाली सरकवावी आणि भरलेली कार्डे रिकाम्या कार्डांच्या डबीत कधीही ठेवू नयेत. संगणकावर कट-पेस्ट करू नये. निवडक क्लिप न उचलता कार्डावरची संपूर्ण फोल्डर-रचना जशीच्या तशी कॉपी करावी, कारण लांब चित्रण कॅमेरा बहुधा तुकड्यांत साठवतो आणि ते जोडणारी माहिती इतर लहान फायलींत असते.

कॉपी झाली याचा अर्थ ती बरोबर झाली असा नव्हे. टेराकॉपी या कॉपी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफायचा पर्याय चालू ठेवावा, किंवा आरसिंक हे तशाच कामाचे साधन वापरत असल्यास चेकसमने (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) पुन्हा तपासणी करावी. वेळ लागतो, पण सुटी किंवा खराब केबल लावलेली असली तर ती याच वेळी उघडी पडते. दोन वेगळ्या डिस्कवर तपासलेल्या प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये, मग त्यासाठी जास्तीची कार्डे विकत घ्यावी लागली तरी चालतील.

उत्तर (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

आपल्या भागातल्या हवामानाबद्दल थोडे लिहितो. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी बंद गाडीत डिस्क ठेवू नये आणि कपाट टिनाच्या छताखालच्या खोलीत नसावे. एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) प्रवासात चांगली, कारण तिच्यात फिरणारे भाग नसतात. पण वीज न देता उष्ण जागी दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यातला डेटा हळूहळू विरतो. म्हणून गावोगावी एसएसडी न्यावी आणि कपाटात हार्ड डिस्क ठेवावी.

यूपीएस हवाच. डिस्कच्या एक्सफॅट फॉरमॅटमध्ये जर्नल (होऊ घातलेल्या बदलांची आगाऊ नोंद) नसते, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर फोल्डरची नोंदच बिघडू शकते. केवळ विंडोजवर काम असेल तर डिस्क एनटीएफएसमध्ये ठेवावी. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की बॅकअपची डिस्क संगणकापासूनच नव्हे, चार्जरच्या सॉकेटपासूनही काढून ठेवावी. दोन्ही प्रतींच्या डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेऊ नयेत; एकाच लॉटमधल्या डिस्कमध्ये एकसारखा दोष असू शकतो.

पुन्हा प्रश्नकर्ता (देसाईगंज)

सर्वांचे मनापासून आभार. प्रॉक्सी (एडिटिंग सोपे व्हावे म्हणून केलेल्या हलक्या प्रती) आणि रेंडर कॅश (सॉफ्टवेअरने तयार करून ठेवलेल्या तात्पुरत्या फायली) यांचाही बॅकअप घ्यावा काय? त्यांनीच बरीच जागा व्यापली आहे.

उत्तर (उमरेड)

नाही. त्या फायली मूळ चित्रणातून पुन्हा तयार होतात. मूळ चित्रण, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज, प्रोजेक्ट फाइल, वापरलेले फॉन्ट आणि तयार झालेली अंतिम प्रत एवढेच जपावे. शेतकरी बियाण्याचे धान खाण्याच्या धानात मिसळत नाही, तसे मूळ चित्रणाचे फोल्डर कॅशपासून पहिल्याच दिवशी वेगळे करावे. आणि होळीनंतर काम ओसरले की नागपूरची डिस्क मागवून, तिच्यावरचा एक प्रयोग दुसऱ्याच संगणकावर पूर्ण उघडून पाहावा. प्रोजेक्टमध्ये एकही क्लिप ऑफलाइन, म्हणजे मूळ फाइल न सापडलेली, दिसता कामा नये.