निंबोळी तेलाच्या डब्यावर पीपीएम लिहिणं सक्तीचं करावं का?

घाणेवाली, घाटंजी
आमच्या बचतगटाचा घाणा आहे. जूनमध्ये निंबोळी वेचतो, तेल काढून कापूसवाल्यांना विकतो. मागच्या वर्षी एका दादाच्या शेतात तुडतुडे आटोक्यात आले. यंदा तेच दादा अर्धा डबा परत घेऊन आले, "काहीच फरक नाही." घाणा तोच, हात आमचेच. यंदाची निंबोळी पावसात भिजली होती, पोत्यात बुरशी लागली होती. दुकानातल्या बाटलीवर ३००, १५००, १०००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) अ‍ॅझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतला कीड आवरणारा घटक, असं लिहिलेलं असतं; टक्क्यांत ०.०३, ०.१५ आणि १. आमच्या डब्यावर नुसतं "शुद्ध". तपासणी सक्तीची करा, घाण्यांनासुद्धा.

कापूसवाला, पांढरकवडा
ताई, सक्ती झाली का घाणा बंद पडला समजा. तपासणी न् परवाना मोठ्या कंपनीलेच परवडते. निंबतेलाच्या बुरशीनाशकाचं पेटंट युरोपात १९९४ मध्ये अमेरिकेच्या कंपनीले भेटलं होतं. ते २००० मध्ये रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं. एवढं भांडून राखलेलं आता आपल्याच हातानं देऊन टाकता काय? आमी तं घरीच ५ टक्के अर्क करतो. ५ किलो निंबोळीची भरड रातभर १० लिटर पाण्यात, सकाळी गाळून १०० लिटर. त्याले कोणतं पीपीएम?

रसायन शिकवणारा, वर्धा
दादा, अर्कालाही पीपीएम असतोच, आपण मोजत नाही. एकाच बांधावरच्या दोन झाडांच्या बियांतही तो सारखा नसतो. घाण्यात तर बराचसा अ‍ॅझाडिरॅक्टिन पेंडीतच राहतो, आणि तेलात उतरतो तो उन्हानं, उष्णतेनं मोडतो. कीटकनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्यानं नोंदणी लागतेच, हेही ताईंनी ध्यानात घ्यावं. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे.

गोठेवाला, आर्वी
मी हे तेल गुरांच्या खरजेला लावतो. त्यात निंबिन, सलानिन असं बरंच काही असतं, आणि तुम्ही एकाच घटकाचा आकडा धरून तेल चांगलं-वाईट ठरवणार? त्या आकड्यावरून किडीचं कळेल, कातडीचं नाही. मला तो नको.

दवाखान्यातली सिस्टर, यवतमाळ
आकड्यावरून भांडा, पण डब्यावर आधी "पोटात देऊ नये" लिहा. तान्ह्या बाळाला घरचं औषध म्हणून हे तेल पाजतात. त्यानं झटके येऊन, मेंदूला सूज येऊन मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तेल घरचं असलं तरी बाळाला पाजायचं नाही.

घाणेवाली, घाटंजी
सिस्टर, हे उद्याच लिहिते. कापूसवाले दादा, तुमचं पैशाचं खरं आहे. पण २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आमचं तेल फुसकं निघालं की तो दादा पुन्हा जहाल औषध मारायला जातो, तेही तोंडाला फडकं न बांधता. येत्या जूनपासून भिजलेल्या निंबोळीचं तेल आम्ही वेगळं ठेवणार, फवारणीला विकणार नाही. वेचल्याची तारीख प्रत्येक डब्यावर. नोंदणीचंही विचारून घेते.

कापूसवाला, पांढरकवडा
तारीख लिहा, मी स्वतः मागून घेईन. पण सक्तीले माझा विरोधच हाय. पाच गावच्या घाण्यांनी मिळून एक नमुना पाठवला तं त्याचे पैसे कोण देईल, ते सांगा आधी.